घोडबंदरचं हरिहरेश्वर

चहा घ्या, आणि एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. मी चौतीस वर्षं एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो आणि सुपरवायझर म्हणून रिटायर झालो. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. हे माहीत नसेल तर पुढचं ऐकून तुम्हाला माझी कीव येईल, आणि ती मला नको. हसायचं तर पुरतं हसा.

तर, रिटायर झाल्यावर लोक काय करतात? सकाळी फिरायला जातात, सोसायटीच्या कमिटीत शिरतात, सुनेच्या स्वयंपाकघरात डोकावतात. मी एक जुनी रुग्णवाहिका घेतली. एका ट्रस्टने मोडीत काढली होती. पेणकरपाड्याला आमच्या बिल्डिंगखाली ती सहा महिने उभी करून मी तिचं घर केलं. पलंग, छोटा ओटा, गॅसची शेगडी, नळ, पंखा, ट्यूबलाइट, सगळं. बाहेरून बदामी रंग दिला. फक्त उन्हात त्या रंगाखालून ‘रुग्णवाहिका’ ही अक्षरं पुसट दिसायची, त्याला माझा इलाज नव्हता.

विजेचं काम अर्थात मी स्वतः केलं. घराच्या दिव्या-पंख्यासाठी वेगळी बॅटरी, ती गाडी चालताना इंजिनावर चार्ज होणार. इंजिन गार ठेवणारा पट्ट्यावरचा पंखा काढून मी विजेवरचा बसवला, म्हणजे इंजिनावर भार कमी. आणि हे सगळं एका मेन स्विचवर घेतलं. एक खटका पाडला की अख्खी गाडी सुरक्षित. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी तो मेन दाखवायचो. बायकोला चार वेळा दाखवला.

आता बायकोचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिची आहे. शालिनीने छत्तीस वर्षांच्या संसारात नातेवाइकाचं घर सोडून दुसरीकडे कुठे रात्र काढली नव्हती. कुठेही गेलो तरी कुणाचं तरी लग्न, बारसं नाहीतर आजारपण, आणि गेल्या गेल्या हिच्या हातात चहाचं आधण. तिने एकच मागितलं होतं. हरिहरेश्वरला समुद्रासमोर बसायचं, आणि संध्याकाळभर कुणी चहा मागायचा नाही. मी म्हटलं, चार दिवस तुझे. ती म्हणाली, “या वेळी नाही झालं तर मी पुन्हा म्हणणार नाही.” ती असं उगाच बोलत नाही.

आमच्या घरात बाहेरगावी निघताना एक हजेरी असते. तुमच्याकडेही असेल. ती विचारते, मी करून उत्तर देतो. गॅस? बंद. नळ? बंद. मेन? बंद. कुलूप? ओढून पाहिलं. छत्तीस वर्षांत एकदाही चुकली नाही.

निघायच्या सकाळी बिल्डिंगमध्ये वीज नव्हती आणि पाइपलाइन फुटल्यामुळे दोन दिवस पाणीही नव्हतं. खाली मात्र सगळी सोसायटी जमली होती. आमच्या खालच्या मजल्यावरचे शहाभाई नारळ घेऊन उभे. त्यांच्या मिसेसने गाडीला कुंकू लावलं, शालिनीला ओवाळलं. वरून सामान आणायची घाई, त्यात शहाभाई दर दोन मिनिटांनी “काका, टाइम झाला” म्हणून ओरडत होते. मी दार ओढून कुलूप लावलं आणि धावत खाली आलो. शेजारी किल्ली ठेवायची पद्धत आमच्याकडे नाही. स्वतःच्या कामावर माझा विश्वास आहे.

गाडीत बसल्यावर शालिनीला हजेरी आठवली.

“अहो, गॅस?”

मी मागे वळून सिलिंडरचा खटका फिरवला. “बंद.”

“नळ?”

“बंद.”

“मेन?”

हात लांब करून खाली केला. “बंद.”

“कुलूप?”

“ओढून पाहिलं.” आणि शहाभाईंनी चाकाखाली नारळ फोडला.

घोडबंदरपर्यंत मस्त गेलो. पुढे गायमुखचा चढ लागला, आणि अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ. काटा लालात. गाडी बाजूला घेतली, थांबलो, गार होऊ दिली आणि वळवून हळूहळू परत घोडबंदर गावात उतरवली. खाडीच्या बाजूला एक गॅरेज होतं. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारे बाळाराम पाटील, माझ्याच वयाचे, पायात स्लीपर. मी गाडी लावली, शालिनीला वारा हवा म्हणून मेन चालू केला आणि त्यांना बॉनेट उघडून दिलं.

त्यांनी इंजिन चालू केलं. अर्धा तास चालू ठेवलं. पंखा गरगर फिरतोय, काटा जागचा हलत नाही.

“गाडीला काय न्हाय झालं,” बाळाराम म्हणाले. “पानी गार हाय. जावा तुमी.”

आम्ही निघालो. गॅस? बंद. नळ? बंद. मेन? बंद. त्याच चढावर, त्याच जागी, वाफ.

परत खाली. परत मेन चालू, परत तपासणी, परत सगळं छान. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तो चढ तीनदा अर्धा चढलो. बाळाराम डोकं खाजवत म्हणाले, “साहेब, ही उभी ऱ्हाते तवा बरी हाय. चालाया लागली का हिला काय व्हतं?”

मी त्यांना थर्मोस्टॅटबद्दल एक छोटं व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

घर अर्ध्या तासावर होतं. कुणीही शहाणा माणूस परत गेला असता. पण सकाळी नारळ फोडून घेतलेला माणूस संध्याकाळी त्याच बिल्डिंगखाली कसा उतरणार? आणि परत गेलो की ट्रिप संपली, हे शालिनी न बोलता मला दिसत होतं. म्हटलं, रात्र इथे काढू, उद्या निघू. गाडी खाडीच्या काठाला लावली.

तेवढ्यात शहाभाईंचा फोन. मोबाइल तेव्हा आमच्या वयाच्या लोकांच्या खिशात नवीनच आले होते, आणि त्यांचा एक गुण मला त्या संध्याकाळी कळला. बोलणारा कुठे आहे ते दिसत नाही.

“काका, पहुँच गये? समुद्र दिसतोय काय?”

“हो,” मी म्हटलं, “पाणी अगदी समोर आहे.” हे खोटं नव्हतं.

“हरिहरेश्वर कसं आहे?”

“शांत आहे,” मी म्हटलं. हे खोटं होतं.

फोन ठेवला तर शालिनी माझ्याकडे बघत होती. “खोटं बोलायचं तर अलिबाग सांगायचं होतं. मुरुड सांगायचं होतं. हरिहरेश्वर माझं आहे. ते असं कुठेही बसून वापरू नका.”

मला लाज वाटली. पण एकदा हरिहरेश्वर सांगितल्यावर बदलता येईना. दुसऱ्या दिवशी शहाभाईंनी विचारलं, देवळात गेलात का? गेलो. गर्दी? नव्हती. मासे? ताजे. मासे खरोखर ताजे होते, बाळारामांच्या बायकोने आणून दिले होते. शालिनी ते साफ करत होती. चार दिवस कुणाला चहा करायचा नाही म्हणून निघालेली बाई गॅरेजमधल्या तीन माणसांचा चहा करत होती.

वीजही हात देईना. पहिल्या संध्याकाळी ट्यूब पिवळी पडली, दुसऱ्या संध्याकाळी पंखा थांबला. मी वायरिंग सगळं उसकटलं आणि परत जोडलं. बाळाराम शेजारी बसून बघत होते. म्हणाले, “बॅटरी खराब न्हाय. उपाशी हाय. तुमी तिचं जेवान मधीच कुठं तरी अडवताय.”

मी म्हटलं, “पाटील, मी चौतीस वर्षं हेच काम केलंय.”

“तेच बोलतो,” ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत चढ, परत वाफ, परत खाडी. शालिनी गाडीच्या पायरीवर बसून म्हणाली, “जाऊ या घरी. मला काही वाटणार नाही.” तिला किती वाटत होतं ते मला कळत होतं. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात फोन.

शहाभाई. आवाज चढलेला. “काका, आज पाणी आलं, और आपके दरवाजे के नीचे से बाहर येतंय. मेरे हॉल में टपक रहा है. आणि तुमच्या घरात लाइट चालू आहे, पंखा फिरतोय. कोणी आत आहे काय?”

“लाइट? कधीपासून?”

“तुम्ही गेला त्या दिवसापासून. आम्हाला वाटलं, काका हुशार, चोराला फसवायला चालू ठेवून गेले. पण पाणी चोरासाठी कोण सोडतं?”

“टाकी बंद करा ना.”

“चार दिवसांनी पाणी आलंय. कोण बंद करू देणार? मी दार तोडतोय काका. तुम्ही हरिहरेश्वरला, सहा तास कोण थांबेल?”

आता माझी अवस्था बघा. किल्ली खिशात. घर अर्ध्या तासावर. आणि मी सहा तास लांब. गप्प बसलो तर दार जाणार, आणि ते सागवानी दार शालिनीच्या वडिलांनी करून दिलेलं.

“तोडू नका,” मी म्हटलं. “मी येतो.”

“केव्हा?”

“अर्ध्या तासात.”

मग शहाभाई अगदी हळू म्हणाले, “काका, हेलिकॉप्टर?” मी फोन बंद केला.

शालिनी आत चढली, मी गिअर टाकला आणि सुटलो. हजेरी घ्यायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आणि गंमत अशी की गाडी अशी पळाली, अशी पळाली की काटा तसूभर हलला नाही. काशिमीऱ्याला सिग्नलपाशी गर्दीत दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभा होतो, तरी गार. मला तिचा रागच आला.

मागून शालिनी म्हणाली, “अहो, ट्यूब लागली.”

“कुठली?”

“आपली. गाडीतली. पंखाही फिरतोय.”

“असू दे,” मी म्हटलं. त्या वेळी मला दार दिसत होतं.

बिल्डिंगखाली निम्मी सोसायटी उभी होती. त्यांनी आधी उन्हात येणारी ‘रुग्णवाहिका’ बघितली आणि दोघांपैकी कुणाचं काय झालं म्हणून पुढे धावले. आम्ही दोघं धडधाकट उतरलो, तेव्हा त्यांचा थोडा हिरमोड झाला. शालिनीच्या हातात बाळारामांच्या बायकोने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी होती. शहाभाईंच्या हातात पहार होती.

वर गेलो, दार उघडलं. घोटाभर पाणी. स्वयंपाकघरातला नळ सताड उघडा, सिंकमध्ये उपडं पडलेलं ताट. हॉलमध्ये ट्यूब, पंखा, दोन्ही जोरात. मी नळ बंद केला. शालिनी पाण्यात उभी राहून दारावरच्या मेन स्विचकडे बघत होती.

“हा चालू आहे,” ती म्हणाली.

“दिसतंय.”

“मी विचारलं होतं. तुम्ही बंद म्हणालात.”

“केला होता की. हात लांब करून...” आणि मी थांबलो. घरातला मेन दाराच्या वर आहे. त्याला स्टुलावर चढावं लागतं. हात लांब करून बंद होतो तो गाडीतला.

शालिनीने एक एक बोट दुमडत मोजायला सुरुवात केली. “पहिल्या दिवशी निघताना बंद केलात. प्रत्येक वेळी घोडबंदरहून निघताना बंद केलात. आज विसरलात. इंजिनाचा पंखा कशावर आहे?”

“मेनवर.”

“बॅटरी कशावर चार्ज होते?”

“मेनवर.”

“मला चार वेळा दाखवलात तोच ना?”

चौतीस वर्षं कारखान्यातून शेवटी बाहेर पडणारा माणूस मी, मेन पाडल्याशिवाय एक दिवस घरी गेलो नाही. ही सवय मी रिटायरमेंटबरोबर घेऊन आलो होतो. तीन दिवस मी गाडी चालू करायच्या आधी नेमाने तिचा जीव बंद करत होतो, आणि थांबल्यावर चालू करून मेकॅनिकला दाखवत होतो. रिकाम्या घरात उजेड आणि वारा, आणि आम्ही खाडीच्या काठाला डास मारत बसलेलो.

मला वाटलं, आता ही म्हणेल, विका ती गाडी. ती हसायला लागली. घोटाभर पाण्यात उभी राहून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, “आधी पुसा हे. सोमवारी निघायचं.”

सोमवारी निघालो. या वेळी नारळ नव्हता. घरातली हजेरी तिने घरात घेतली, मला स्टुलावर चढवून. गाडीतला मेन तिने स्वतः वर केला आणि त्यावर चिकटपट्टी लावली. गायमुखचा चढ असा गेला की खाडीकडे वळून बघायचंही राहिलं. बाळारामांना मी फोन करून कारण सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “जेवलं ना बिचारं?”

आणि आम्ही खरोखर हरिहरेश्वरला पोचलो. समोर समुद्र, सूर्य खाली चाललेला, शालिनी खुर्चीत पाय पसरून बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा चहा मी केला. साखर विसरलो, पण तिने प्यायला. म्हणाली, “असाच असतो होय समुद्र.” मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात शहाभाईंचा फोन. “काका, कुठे आहात?”

“हरिहरेश्वरला,” मी म्हटलं, छाती भरून.

“अच्छा, अच्छा,” ते म्हणाले. “मग अर्ध्या तासात येऊन जा ना. लिफ्टची मीटिंग आहे.”