मांद्र्याची फुगडी आणि आरशापुढचे पाच जण

गोव्यात, मांद्र्याला आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत. दर मोसमात त्या पाहुण्यांना भाड्याने जायच्या. साथीच्या वर्षी त्या रिकाम्या पडल्या आणि मधली खोली माझ्या लेकीने ताब्यात घेतली. ती तेव्हा म्हापशाला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. वर्ग मोबाइलवर चालायचे, आणि रेंज काय ती त्या खोलीच्या जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशीच मिळायची. पाहुणे नसले तरी मी रोज सकाळी खोल्या उघडून गाद्यांना ऊन दाखवायची. समुद्राजवळ खोली बंद ठेवली की भिंतीला लगेच बुरशी धरते.

एका सकाळी मधल्या खोलीतून चर्रचर्र आवाज आला, खेळाचे बूट फरशीवर घासल्यासारखा. आत डोकावले तर लेक कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, मांडी घालून बसलेली आणि मोबाइलमध्ये पाच पोरगे नाचत होते. ना रंगमंच, ना दिवे, ना झगमगीत कपडे. एक मोठी खोली, एका भिंतीला आरसा, अंगात ढगळ बनियन. पाचही जण वळले की बूट एकदम वाजत, आणि तेवढ्यापुरता तो आवाज गाण्यातच बसवल्यासारखा वाटे. गाणे संपले तसा त्यातला एक तिथेच जमिनीवर आडवा झाला, बाकीचे गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत राहिले.

"हे कोण गो?"

"आई, कोरियाचे आहेत. तुला नाही कळायचं."

"तालीम करतायत ते कळतंय की मला. परत लाव बघू."

तिने लावले. मी गादी खांद्यावर घेऊनच पाहिले.

मला त्यात काय दिसले ते आधी सांगते. माझे माहेर डिचोली तालुक्यातले. घरात वडिलांचे भजन आणि आम्हा बायकांची फुगडी. चवथीच्या दिवसांत गणपतीपुढे रिंगण धरून गात, वाकत, टाळ्या देत नाचायचे, हे मी चालायला लागल्यापासून करत आले. दहा बायका एका वेळी वाकणे किती अवघड असते हे नाचणाऱ्यालाच माहीत. एकीचा पाय अर्ध्या तालाने मागे पडला की सगळे रिंगण लुळे दिसते. आणि इथे पाच जण असे वळत होते, जणू एकाच दोरीला बांधलेले. तरी प्रत्येकाचा वळण्याचा ढंग वेगळा होता.

त्या महिन्याभरात मी त्यांच्या सगळ्या तालमी पाहिल्या, मग कार्यक्रम, मग ते एकत्र बसून शेवया खात गप्पा मारतात तेही. मला आवडला तो कायम मागच्या ओळीत राहणारा, रुंद खांद्यांचा. त्याच्या वाट्याला गाणे थोडे येई. पण दुसरा कोणी पुढे येऊन गायला लागला की हा मागून असा बघे, जसे आपले माणूस देवळात पहिल्यांदा अभंग म्हणताना घरचे बघतात.

"सगळ्यांना तो देखणा आवडतो," लेक म्हणाली, "आणि तुला हा?"

"देखणा सगळ्यांनाच आवडणार. त्यात माझं काय?"

त्या दिवसापासून ती मला आपल्यात धरू लागली. शनिवारी दुपारी तिच्या मैत्रिणींचा एकत्र फोन चाले, त्यात मीही बसे, तांदूळ निवडत. त्या पोरींची मते ऐकण्यासारखी होती. मला वाटले होते, नुसते "कित्ती गोड" चालत असेल. पण त्या भांडत होत्या. गाणी हल्ली अडीच मिनिटांवर आणली आहेत, मोबाइलवर पटकन फिरावीत म्हणून. मधले सावकाश कडवे कापतात आणि पंधरा सेकंदांच्या नाचासाठी बाकीचे गाणे रचतात. एकच अल्बम चार वेष्टनांत विकतात आणि आतला फोटो कुणाचा निघेल ते नशिबावर सोडतात. कुणा गाणाऱ्याचे कुणावर प्रेम आहे असे कळले की त्या बिचाऱ्याला माफी मागावी लागते. "प्रेम केलं म्हणून माफी?" मी विचारले. "हो ना काकी," तिकडून एक म्हणाली, "आणि ती मागायला लावणारे आमच्यासारखेच फॅन. म्हणून तर राग येतो."

हे मला फार आवडले. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या उणिवांवर इतके चोख बोलणारी माणसे मी आमच्या भजनी मंडळात पाहिली होती, दुसरीकडे कमी.

भाषेवरून एकदा वाद झाला. नवी गाणी निम्मी इंग्रजीत यायला लागली होती. एकीला वाटे, जगाने ऐकायचे तर इंग्रजी हवीच. माझी लेक म्हणे, मग त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला? मला विचारले तेव्हा मी माझ्या लहानपणाचे सांगितले. गोवा राज्य झाले तेव्हा मी शाळेत होते. त्याच्या आगेमागे भाषेवरून एवढी तेढ होती की आमच्या घरात दोन काका जेवायला वेगवेगळ्या वेळी बसायचे. एक मराठीचा, एक कोंकणीचा. आई वाढताना दोघांशीही त्याच एका बोलीत बोलायची. आम्ही भांडलो कोंकणीत, शिकलो मराठीत, स्तोत्रे म्हटली संस्कृतात, आणि पाव आणायला गेलो की पोर्तुगीज शब्द तोंडात. "तेव्हा मला न कळणाऱ्या भाषेतलं गाणं परकं वाटत नाही," मी म्हटले. "पण त्यांनी आपल्या भाषेतून गावं. शब्द कळत नसले तरी माणूस घरच्या भाषेत गातोय की पाहुण्यांच्या, ते गळ्यावरून कळतं." त्यातली एक म्हणाली, "काकी, हे मी आपल्या व्हॉट्सॲप गटात टाकू?"

माझी मोठी जाऊ शेजारच्याच घरात राहते. तिला सगळा वाडा, सगळी आळी वैनी म्हणते, म्हणून मीही. ती एकदा साखर मागायला आली आणि मागून मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "ह्ये बापये ओठ कित्याक रंगवतत?"

"जत्रेत दशावतार बघायला पहिल्या ओळीत कोण जाऊन बसतं, वैनी? त्यांचे ओठ बघितले नाहीत कधी?"

ती हसली आणि साखर घेऊन गेली.

वैनी आमच्या वाड्याच्या फुगडीची प्रमुख. लग्न होऊन मी आले तेव्हापासून गाण्याची पहिली ओळ तिची, आणि आम्ही बाकीच्या मागून झेलणाऱ्या. आवाज खणखणीत, ताल पक्का. दुसरे कोणी पुढे यावे असे कुणाच्या मनातही येत नसे. साथीची बंधने उठली, त्या वर्षी पेडण्यात फुगडीची स्पर्धा ठेवली आणि आमच्या मंडळाने नाव दिले. पहिल्या तालमीला लेक बघायला बसली होती. घरी येताना म्हणाली, "आई, तुमचं सेंटर कायम एकच का?"

सेंटर म्हणजे मधली जागा, सगळ्यांचे डोळे जिथे जातात ती. तिच्या मैत्रिणींचे निम्मे वाद त्यावरच: कुणाला किती ओळी दिल्या, कोण सारखे पुढे, कोण सारखे मागे. गाणाऱ्यांच्या चांगल्या गटांमध्ये ही जागा फिरत राहते, हा त्यांचा लाडका मुद्दा. मी स्वतः त्या मागच्या ओळीतल्यासाठी किती हळहळले होते, आणि आमच्या रिंगणात आठ जणी वर्षानुवर्षे मागच्या ओळीत होत्या, हे मात्र मला दिसले नव्हते.

वैनीशी कसे बोलावे ते कळेना. शेवटी दुपारी तिच्या बल्कांवात, पुढच्या ओसरीत गेले, तिथल्या दगडी बाकावर बसले आणि त्या पाच जणांच्या तालमीचा व्हिडिओ तिच्यापुढे धरला. मध्ये कोण येतो, मग तो कसा मागे जातो आणि दुसरा कसा पुढे येतो, ते बोटाने दाखवले. मला वाटले होते ती म्हणेल, तुका माझी जागा होयी काय? तिने शेवटपर्यंत पाहिले. जमिनीवर आडवा झालेला पोर दिसला तेव्हा म्हणाली, "'दमलंय' म्हणान सांगूक देतत काय त्यांका?"

मी खरे ते सांगितले. फार राबवतात. उपाशी ठेवतात असेही म्हणतात. पण ह्याच पाचांतला एक आजारी पडला तेव्हा त्याने काही महिने रजा घेतली. नाचताना बाकीच्या चौघांनी त्याची जागा मोकळी ठेवली आणि त्याच्या ओळी आळीपाळीने म्हटल्या. फॅन लोकांनीही घाई केली नाही.

वैनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून म्हणाली, "माझे हे दोन वर्सां दुखतत. वाकलंय की कळ मस्तकात जाता. पण मी थांबलंय तर गाणा कोण म्हणतला, म्हणून कोणाक सांगूक नाय."

मग तिनेच पुढे ठरवून टाकले. पहिले कडवे ती उभ्याने म्हणेल. पुढची आम्ही वाटून घ्यायची.

वाटून घेणे सोपे नव्हते. आमच्यात एक बाई होती, सावंतवाडीकडची. नवरा खाणीवरचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर मांद्र्याला येऊन पाण्याचा टँकर चालवू लागला. ती आमच्यात तीन-चार वर्षे नाचत होती, पण तिचा सुटा आवाज कोणी ऐकला नव्हता. कडवे तिच्याकडे आले तसे तिने मान हलवली. "माका नाय जमाचा. माझो आवाज बापयांसारखो."

माझ्या लेकीने अंगणात रांगोळीने खुणा केल्या होत्या, कुणी कुठून कुठे जायचे त्याच्या. ती व्हिडिओत नाच शिकवणाऱ्या बाईसारखी टाळ्या वाजवत सगळ्यांना फिरवत होती. पण इथे ती हुकूम करायची थांबली. तिने मोबाइलमध्ये माझ्या आवडत्याचे गाणे लावले, जाड, खर्जातला गळा. म्हणाली, "मावशी, ह्याचा आवाज ऐका. गटात असा एक नसेल तर बाकीचे सगळे हलके वाटतात. आम्ही ह्याच्याच ओळीची वाट बघतो."

बाईने ते शेवटपर्यंत ऐकले. दुसऱ्या दिवशी तालमीला आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशी आली, रांगोळीच्या खुणेवर उभी राहिली, आणि तिची पाळी आली तेव्हा डोळे मिटून गायली. आवाज खरेच जाड होता, ओल्या मातीसारखा. आमच्यातल्या दोघी टाळी द्यायचेच विसरल्या. वैनी पायरीवरून म्हणाली, "इतकी वर्सां खंय लपवून ठेवलं होतंस गो ह्यो?"

स्पर्धेच्या दिवशी पेडण्यात गर्दी होती. आम्ही सगळ्या हिरव्या नऊवारीत, केसांत अबोली. वैनीने पहिले कडवे धरले आणि ती बाजूला सरकली तसे समोर कुजबुज झाली. प्रमुख बाई मधून हलते हे लोकांनी पाहिले नव्हते. दुसऱ्या कडव्याला मी चुकले. डावीकडे जायचे ते उजवीकडे गेले आणि शेजारणीला धडकले. ती हसली, मीही हसले, आणि त्या हसण्याने अंगातला ताण गेला. मग सावंतवाडीच्या बाईची पाळी. डोळे तिने ह्या वेळी उघडे ठेवले. तिचा नवरा टँकर कुठेतरी लावून मागे भिंतीला टेकून उभा होता. बायकोचा आवाज ध्वनिक्षेपकातून आला तसा तो ताठ झाला, आणि कडवे संपेपर्यंत तसाच राहिला.

आम्हाला बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकाने फुगडीची मोडतोड करू नका असे सांगितले. दुसऱ्या परीक्षक बाईने खाली उतरून तो जाड आवाज कुणाचा म्हणून विचारले आणि तिचा हात हातात घेतला. येताना बसमध्ये मोडतोड झाली की नाही यावर आम्ही मांद्र्यापर्यंत भांडलो. मला त्या शनिवारच्या पोरी आठवल्या.

पुढच्या वर्षी वैनीच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते. चवथीला आम्ही तिच्या घरच्या गणपतीपुढे फुगडी धरली तेव्हा ती कदेलीवर बसून होती. संपल्यावरही ती रिंगणाच्या मोकळ्या जागेकडे बघतच होती. मला वाटले, वाईट वाटले असेल.

"काय झालं, वैनी?"

"काय नाय. आपली फुगडी म्हणजे समोरसून कशी दिसता, ता मी कधी बघूकच नव्हता."

लेक आता नोकरीला बेंगळुरूला असते आणि फोनवर सांगते की तिला हल्ली ही गाणी ऐकायला वेळ मिळत नाही. माझा रुंद खांद्यांचा मध्यंतरी त्यांच्या देशाच्या नियमाप्रमाणे सैन्यात जाऊन आला. परवा त्यांचे नवे गाणे आले. अडीच मिनिटांचे, आणि त्यात त्याच्या वाट्याला दोनच ओळी. मी शनिवारच्या गटात माझे मत स्पष्ट लिहिले. त्यावर कोणीतरी डिचोलीची नवी मुलगी माझ्याशी वाद घालते आहे. म्हणते, काकी, त्या दोन ओळी नीट ऐका, गाणे त्यांच्यावरच उभे आहे. आज गाद्या उन्हात टाकताना पुन्हा ऐकून बघणार आहे. तिचे म्हणणे कदाचित बरोबर असेल.