गार झालेली भाकरी

शेंगाचटणीची पुडी आज फोडली आणि त्या वासासरशी युसूफच्या सोलापुरातील घरची दुपार समोर उभी राहिली. पुण्याहून आम्ही सहकुटुंब दोन दिवस या मित्राकडे गेलो होतो. बसमध्ये आरक्षित जागा नाकारली गेली, म्हणून पोहोचताच मी संतापाने तक्रारअर्ज लिहायला बसलो.

“वकीलसाब, भाकरी गार हुतीय की,” युसूफ म्हणाला. “अर्ज काय पळून जातोय व्हय?”

“नियम माझ्या बाजूने आहे!” मी खेकसलो.

पाहुण्याआधी न जेवण्याचा त्याचा रिवाज आणि त्याचा मधुमेह, दोन्ही मला ठाऊक होते. तरी मी त्याला चार वाजेपर्यंत उपाशी बसवले. भाकरी मोडताना त्याचे हात थरथरले. मी तो राग समजलो.

पुन्हा भेट होण्याआधीच तो गेला. त्या अर्जाची पोच माझ्या फायलीत आहे. युसूफला माफीचे पत्र मात्र मी कधीच लिहिले नाही.