कान्याच्या टोकाची खाच

सुटे हातात पडले की माणसं मोजतात, डायमास्तर वाचायचे. पनवेलच्या मेडिकलमध्ये मी काउंटरवर असते. मास्तर बीपीच्या गोळ्या घ्यायचे आणि तिथेच भिंग काढून प्रत्येक नाण्यावरचं ‘भारत’ तपासायचे. मागे रांग लागली तरी त्यांना फिकीर नसे.

तळोज्याच्या एका कारखान्यात ठसे मारणारे लोखंडी साचे, म्हणजे डाय, बनवण्यात त्यांची हयात गेली, म्हणून हे नाव. एकदा मी जाड अक्षरांचं नाणं त्यांच्यापुढे नाचवलं. चुकून दुहेरी ठसलेल्या नाण्यांना मोठी किंमत येते, असे मोबाइलवरचे व्हिडिओ बघून डोक्यात लाखांची स्वप्नं शिरली होती ना. मास्तरांनी भिंग माझ्याच डोळ्याला लावलं. “साचा बनवतानाच अक्षर दोनदा उमटलं असेल, तर कान्याच्या टोकाला खाच दिसते. दोन टोकं वेगवेगळी. डाय झिजली असेल तर अक्षर नुसतं सुजतं. हे सुजलंय. आता गोळ्या दे.” लाख गेले, पण नाद लागला तो लागलाच.

मास्तर बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शनिवार त्यांचा धर्मानं पाळायचा दिवस, तेव्हा पैशाला हात लावायचे नाहीत. खरं दुहेरी नाणं त्यांच्याकडे एकच होतं, दोन रुपयांचं, कापसात गुंडाळून पत्र्याच्या डबीत. बायको गेली त्याच आठवड्यात सापडलेलं. “रिबेकानं वरून पाठवलंय,” म्हणायचे, आणि डबी कुणाला उघडू द्यायचे नाहीत.

मग लेकीनं त्यांना इस्रायलला बोलावून घेतलं. विमान रविवारी होतं, म्हणून शनिवारी मी निरोपाला गेले. टेबलावर डबी. “ही तुझी. आज मी हात लावत नाही, तूच उघड. आणि एकदा वाचून दाखव.”

मी भिंग लावलं. एकदा, दोनदा, चारदा बघितलं. खाच कुठेच नव्हती. खोटं बोलले असते तर खपलं असतं, ते काही हातात घेऊन बघणार नव्हते. पण बघायला शिकवलं कुणी?

“मास्तर, सुजलंय.”

मला माझाच असा राग आला म्हणून सांगू.

“काना नीट बघितलास?”

“बघितला.”

“त्या दिवसांत माझ्या डोळ्यांत सारखं पाणी असायचं,” ते म्हणाले. “नंतर परत तपासायची हिंमत झाली नाही. सांगितलंस ते बरं केलंस. भिंगही घेऊन जा.”

परवाच्या शनिवारी कोन गावच्या एक मावशी औषधाला आल्या. “सुटं हायत माज्याकडं,” म्हणत त्यांनी दोन रुपयांचं नाणं काउंटरवर ठेवलं. मी सवयीनं ‘भारत’ वाचलं आणि पटकन भिंग काढलं. कान्याला खाच. स्वच्छ, दोन टोकांची. अख्खा दिवस मी नाचायचीच बाकी होते, पण शनिवारी मास्तर फोन घेत नाहीत.

रविवारी सकाळी उचलला.

“परत बघ,” मास्तर म्हणाले.

“दहादा बघितलंय. खाच आहे.”

“कुठे मिळालं?”

“आपल्या काउंटरवर.”

पलीकडे ते लेकीला ओरडून सांगताना ऐकू आले, “अगं, पनवेलला सापडलं. खरं सापडलं!” मग फोनवर परत आले.

“डबी आहे ना? जुनं काढू नकोस हं. त्याच्या शेजारीच ठेव.”