नाथाजीनं बुजवलेलं भोक

मिरजेच्या नाथाजी सुताराचा लोखंडावर राग होता. सारा जन्म तंबोरे करण्यात गेलेला. सांधा बसवायचा तो सरसानं. खिळा मारणाऱ्याला तो कारागीर म्हणतच नसे. तोंडाचा फटकळ, पण हाताला असा गुण, की गिऱ्हाईक बोलणी खाऊनही त्याच्याकडेच येई.

महायुद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षी शेजारचा आकाराम पलटणीतून घरी आला. तिथं तो वायरलेसच्या कामावर होता. लष्कराच्या मोडीतून काचेचे व्हॉल्व्ह, माईक असलं काय काय गोळा करून त्यानं गल्लीच्या दत्तजयंतीसाठी घरीच अ‍ॅम्प्लिफायर जोडला. त्याची सागवानी पेटी नाथाजीनं केली आणि त्यावर गाणार होती नाथाजीची विजयमाला. बिनआईची पोर चारचौघांत पहिल्यांदाच उभी राहणार, म्हणून बापाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

जयंतीच्या सकाळी त्यानं पेटी पॉलिशला घरी नेली. आतला पत्र्याचा सांगाडा बाहेर काढताना विजेच्या तारेशिवाय मागच्या दुसऱ्या भोकातून एक मोकळीच तार लोंबताना दिसली. "हिला हात लावू नका," असं आकाराम बजावून गेला होता. पण एवढ्या देखण्या पेटीला शेपूट? नाथाजीनं तार उपटली, भोकात लाकडी खुंटी ठोकली, वर पॉलिश फिरवलं आणि सांगाडा परत आत दामटला.

संध्याकाळी बायकांनी धूळ बसावी म्हणून मांडवात सडा घातला होता. आकारामनं वीज जोडली, व्हॉल्व्ह तापले. जमिनीत ठोकलेल्या लोखंडी नळाला ती मोकळी तार बांधायला तो पेटीमागं वळला, तर तारच नाही. इकडं विजयमाला ओल्या जमिनीवर अनवाणी उभी, हात माईककडं निघालेला.

"हात मागं घे! शिवू नगंस!" तो ओरडला.

पोर दचकली. नाथाजीचं टाळकं सणकलं.

"काय झालं वरडाया? पोरीच्या पयल्या गाण्यात मोडता घालतोस व्हय रं?"

"आवं नाथामामा, मागची तार कुठं हाय?"

"टाकली काढून. पेटी लाकडाची हाय. लाकडात कवा करंट शिरतो?"

"लाकडात न्हाई शिरत. पर माईक लोखंडाचा हाय, आन् त्याची तार आतल्या पत्र्याला जोडलीया."

आकारामनं पिशवीतून दोन तारा लावलेला विजेचा दिवा काढला. दिव्याची एक तार त्यानं जमिनीतल्या नळाला लावली, दुसरी माईकला. दिवा लख्ख पेटला.

वीज बंद करून त्यानं सांगाडा ओढला. सकाळी दामटताना विजेची तार पत्र्याच्या काठाखाली चिरडून उघडी पडली होती. ती त्यानं बदलली.

"आता झालं न्हवं?" नाथाजीनं विचारलं. आवाज पार खाली आला होता.

"हे झालं. पर उद्या दुसरीकडं काय उघडं पडलं, तर करंटाला जमिनीत जायाला वाट पायजे. न्हाईतर तो माणसातनं जातो."

नाथाजीनं घरून गिरमिट आणून आपल्याच हातानं त्या चकचकीत पॉलिशला भोक पाडलं. आकारामनं पत्र्यापासून नळापर्यंत नवी तार ओढली, वीज सोडली आणि दिवा पुन्हा लावून पाहिला. पेटला नाही.

पण विजयमाला पुढं येईना. पेटलेला दिवा तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तिचे ओठ सुकले होते. नाथाजीनं पायताणं काढली आणि तो ओल्या जमिनीवर जाऊन उभा राहिला.

"आवं मामा, दिव्यानं बघितलंय की," आकाराम म्हणाला.

"दिवा तुजा, गड्या. पोर माजी हाय."

त्यानं डोळे मिटून माईकची दांडी मुठीत धरली. काहीच झालं नाही. मग त्यानं दुसऱ्या हातानं पोरीला जवळ बोलावलं. पहिला अभंग संपेपर्यंत, लोक हसत होते तरी, नाथाजीनं दांडीवरची मूठ सोडली नाही.