चाखा, मग मीठ घाला

रामनगरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली, तेव्हा पिशवीतलं पुस्तक बघून आई वैतागली. "कपडे दोनच घेतलेस, आणि हे जाड पुस्तक कशाला रे?" गणेशगुडीच्या लॉजवर मी स्वयंपाकघरात कामाला होतो, तिथली एक पाहुणी ते मला देऊन गेली होती. साध्या इटालियन हॉटेलातल्या जेवणाचं पुस्तक. म्हटलं, "माझी नोकरी ह्याच्यातच हाय, आई." ती म्हणाली, "मग सांभाळ बाबा." गाडी सुटली आणि मी पोरासारखा रडलो, खोटं कशाला सांगू.

गाव सोडलेल्यांनो आणि गावात राहिलेल्यांनो, त्या पुस्तकानं मला खरंच पोसलं. इंग्रजी अडखळत वाचायचो, पण रेसिपी साध्या. टोमॅटो, लसूण, तेल, बास! आपल्या घरच्यासारखंच, मसाल्यांची गर्दी नाही. पुण्यातल्या इटालियन हॉटेलात कांदे चिरायला लागलो होतो, तो सॉस करणारा झालो. पानं तेलकट झालीत, तोंडपाठ झालीत. आणि बहुतेक पानांवर एक वाक्य आहेच: चाखा, मग मीठ घाला.

यंदा ताप आला आणि तोंडाची चव गेली. वासही गेला. डॉक्टर म्हणाले येईल. सहा महिने झाले. लसूण करपला तर रंगावरून ओळखतो. हॉटेलात कुणाला सांगितलेलं नाही. चमचा जिभेला लावतो, मान डोलावतो, नुसतं नाटक. दोन प्लेटी परत आल्या. शेफ म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?" तिसरी आली की संपलं. दुसरं काम मला येत नाही हो!

गणपतीच्या चवथीला घरी गेलो. आमच्यात नैवेद्य दाखवायच्या आधी कुणी जेवण चाखत नाही. आई म्हणते, "देवाच्या आधी जीभ लावायची न्हाई. हाताला कळतंय मीठ." त्या दिवशी भाज्यांच्या खतखत्यात आईनं मीठ घातलं, आणि ते ठाऊक नसल्यानं वहिनीनंही घातलं. पंगत बसली. पहिल्याच घासाला दादानं पाण्याचा तांब्या ओढला, पोरं थू थू करायला लागली. मी मात्र ताट पुढं केलं, "झ्याक झालंय आई, अजून वाढ."

सगळे हसले. त्यांना वाटलं, चेष्टा करतोय. आई तेवढी हसली नाही.

मागं परसात नेऊन तिनं विचारलं, "खरं सांग, कवापासनं?" सांगितलं आणि ढसाढसा रडलो. ती म्हणाली, "परत ये. पुस्तक-बिस्तक जळू दे तिकडं." पण परत येऊन काय करू? पुण्यात घर आठवायचं ते जिभेवरच. उकड्या तांदळाची पेज, कोकमाची कढी. आता तेही नुसतं ऊन लागतं, नाहीतर गार.

परत कामावर आलोय. रोज सॉस करतो आणि प्लेट बाहेर गेली की जीव मुठीत धरून दाराकडं बघतो.

काल वहिनीचा फोन आला. आईनं देवापुढं बोलून मीठ सोडलंय म्हणे, मला चव येईपर्यंत. आईला फोनवर बोलावून मी ओरडलो, "ह्या वयात हे काय खूळ?" ती शांतपणे म्हणाली, "तू एकट्यानं आळणी खायाचं व्हय?"

घर म्हणजे आता माझ्यासाठी तिचं ते आळणी ताट. आणि चव कधी येणार, कोणालाच ठाऊक नाही.