बुधवारचं ‘ऑलराइट’

बडनेऱ्याच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग खाली ठेवली आणि बाकावरच्या अनोळखी बाईंना विचारलं, “कुठं चालल्या बाई?” त्या मुंबईला लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. गाडी यायला वीस मिनिटं होती. तेवढ्यात लेकीचं हे कितवं, जावई कसा, मागच्या वेळी काय अडचण आली, हे सगळं बाबांना समजलं. आणि त्या बाईंना समजलं, की ही माझी पोरगी, अकोल्याला फिजिओथेरपी शिकली, आता इंग्लंडला नोकरीला चालली, हिची माय दोन वर्षांपूर्वी गेली. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन घड्याळ बघत होते. शेवटची वीस मिनिटं बाप परक्यांशी बोलण्यात घालवतोय, याचा रागही आला होता. गाडी आली तेव्हा त्या बाईंनीच माझा हात धरला. “काळजी नोका करू भाऊ, आमचा डबा एकच हाये. मुंबईपावतर मी हाये पोरीसंगं,” असं त्या बाबांना म्हणाल्या. बाबांनी कशासाठी विचारलं होतं, ते मला गाडी सुटल्यावर कळलं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी धारणी-परतवाडा मार्गावर. घाटातून गाडी उतरायची तेव्हा तिकीट फाडण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला, “काहून चालली वं माय परतवाड्याले?” लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या गाडीने जायचे, तेव्हा मला ते नसती चौकशी वाटायचं. पण कुणी दवाखान्यात निघालं असेल तर बाबा त्याला पुढच्या सीटवर बसवत आणि थांबा नसला तरी दवाखान्याच्या फाटकाशी गाडी उभी करत. कुणी मयतीला निघालं असेल तर पुढच्या गाडीच्या कंडक्टरला थांबायला आधीच सांगून ठेवत. उत्तर अर्धवट असलं तर ते दोरीला हात लावत नसत. सगळं ऐकून झाल्यावरच डबल बेल पडायची. आमच्या घरात प्रश्न विचारायचा तो असा, पुढे काहीतरी करण्यासाठी.

मी हीच शिदोरी घेऊन लीड्सला आले. पहिल्याच आठवड्यात, बुधवारी, क्लिनिकमधली सुझन चहाची किटली लावता लावता म्हणाली, “हाउज युअर वीक गोइंग?” मी तिला सांगितलं. खोलीची भिंत ओल धरतेय, झोप लागत नाही, आणि उद्या आईला जाऊन दोन वर्षं होतील. पाणी उकळून किटली बंद झाली तरी सुझन कप हातात धरून उभी होती. बिचारी चांगली बाई. नंतर केरळच्या एका नर्सने मला बाजूला घेऊन शिकवलं. सोमवारी वीकएंड छान गेला म्हणायचं, बुधवारी ‘गेटिंग देअर’, म्हणजे ढकलतेय आठवडा, म्हणायचं, शुक्रवारी हुश्श करायचं, आणि एरवी ‘ऑलराइट’ला ‘ऑलराइट’. थांबायचं नाही. मी पटकन शिकले. इतकी पटकन, की त्याचा मला अभिमान वाटायला लागला. बाहेर गेलेल्या तुमच्यापैकी बहुतेकांना हा अभिमान ओळखीचा असेल.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाबा दोन महिन्यांसाठी आले. बस बघूनच खूष झाले. आम्ही चढलो तसा ड्रायव्हर सवयीने म्हणाला, “यू ऑलराइट?” बाबा पायरीवरच थांबले. “नो सर, नॉट ऑलराइट. नी पेन.” मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, “आय अल्सो बस. थर्टी वन इयर. कंडक्टर. जंगल रोड.” ड्रायव्हरने हसून हँडब्रेक ओढला आणि जंगलात वाघ होते का ते विचारलं. झालं! बाबांनी दोन्ही हातांनी घाट दाखवला, वळणं दाखवली, रस्त्यात बसलेलं अस्वल दाखवलं. मागे सात-आठ माणसं रांगेत उभी. माझे कान तापले. मी बाबांची बाही ओढून त्यांना आत नेलं.

घरी आल्यावर मी त्यांना समजावलं. समजावलं कसलं, झापलंच. “बाबा, इथं कोणी खरंच विचारत नाही. नुसतं ऑलराइट म्हणायचं अन् पुढे चालायचं. लोकांचा खोळंबा होतो.”

बाबांनी विचारलं, “मंग इचारते काहून?”

“पद्धत आहे.”

“बरं,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खरोखरच तसं केलं. बसमध्ये, जिन्यात, दुकानात, ‘ऑलराइट’ म्हणून ते मान खाली घालून पुढे जायचे. तो ड्रायव्हर पुन्हा भेटला, त्याने वाघाबद्दल काहीतरी विचारलंही, पण बाबा ऑलराइट म्हणून सीटवर जाऊन बसले. मला वाटलं, चला, जमलं एकदाचं.

ते अमरावतीला परत गेले. बुधवारी माझी अर्धी पाळी असते, म्हणून आमचा फोन बुधवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी. पूर्वी “जय भीम बेटा, काय करून राहिली?” पासून सुरू होऊन तासभर चालायचा. आता मी कसे आहात विचारलं की बाबा म्हणत, “ऑलराइट.” आधी गंमत म्हणून, आणि मी हसायचे. मग तीच सवय झाली. त्यांनी विचारलं की मी सांगायचे, “काही नाही बाबा, नेहमीचंच.” फोन पाच-सात मिनिटांत आटपू लागला. खरं सांगते, मला ते सोयीचंच वाटत होतं. दिवसभर मी परक्या माणसांना विचारते, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, उठताना की बसताना. ते सांगेपर्यंत थांबते, लिहून घेते. बाबांना मी यातलं एकही विचारलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी बाबा ऑलराइट म्हणाले. शनिवारी अकोल्याहून दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा, फोन आला, की बाबा गेले. हार्ट अटॅक.

मी पोहोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. पुण्यानुमोदनाला गल्ली जमली. शेजारच्या शांताकाकू माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, “दोन महिन्यांपासून छातीत दुखून राहिलं होतं त्याइच्या. म्या किती डाव मनलं, अकोल्याले पोराकडं जा, दाखवून या.” पानठेल्यावाल्या गजूला ते माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. परतवाड्याच्या गाडीवरचा एक तरुण कंडक्टर आला होता, त्यालाही माहीत होतं. ज्यांनी ज्यांनी “काय बाबा, कसं काय?” विचारलं, त्या सगळ्यांना बाबांनी थांबून, सविस्तर सांगितलं होतं. दादाला सांगितलं नाही, कारण तो मला कळवेल. आणि मला नाही, कारण मीच त्यांना शिकवलं होतं. आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं, मला नव्हतं.

काकू मग म्हणाल्या, “मी इचारलं त्याइले, पोरीले सांगतलं का? तं मने, तिकडं तसं सांगत नसते. लोकायचा खोळंबा होते.”

गल्लीतल्या तुम्ही सगळ्यांनी त्या दहा दिवसांत मला विचारलंत, जेवली का, झोपली का, रडली का. मी बरी आहे म्हणाले की तुम्ही जागचे हलत नव्हता. खरं उत्तर मिळेपर्यंत शांताकाकू आमच्या दाराच्या पायरीवर बसून राहायच्या. घर म्हणजे काय असं मला आता कुणी विचारलं, तर मी त्या पायरीचं नाव घेईन. ती तिथेच आहे आणि मी इथे आहे.

परत आल्यावर पहिल्याच बुधवारी बस पकडली. तोच ड्रायव्हर होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. “हाउज युअर डॅड? द टायगर मॅन?” असं विचारून तो खरंच थांबला. त्याचा हात हँडब्रेकवर होता. मागे सात-आठ माणसं रांगेत उभी होती.

“ऑलराइट,” मी म्हणाले, आणि पुढे जाऊन बसले.