देवमनभाऊ आणि भुरीचं तोंड

अकोल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मांजर आलं की डॉक्टर आधी देवमनला हाक मारत. तो तिथे बत्तीस वर्षं परिचर होता. सुरुवातीची सगळी वर्षं बैल आडवे पाडण्यात गेली. पुढे शेतं ट्रॅक्टरवर गेली, बैल कमी झाले आणि टोपल्यांतून, पिशव्यांतून मांजरं येऊ लागली. मांजर धरायची देवमनची रीत न्यारी होती. मानगूट तो आवळत नसे. जुन्या टॉवेलात गुंडाळून पोटाशी घ्यायचा आणि बोलत राहायचा, "काई नाई माय, झालंच आता."

जुन्या शहरातल्या इंदूबाईंची भुरी त्यानं अशीच धरली होती. पंधरा दिवस ती धड जेवली नव्हती. वाटीशी जायची, वास घ्यायची आणि केविलवाणं ओरडून मागे सरायची. डॉक्टर प्रणालींनी तिचं तोंड उघडलं. हिरड्या लालबुंद झाल्या होत्या, जिभेच्या कडेला पांढुरका चट्टा होता.

"मीच तिले तिखट रश्श्यातली भाकर चारत होती," इंदूबाई पदरानं डोळे टिपत म्हणाल्या.

प्रणालींचा त्या वर्षी अभ्यासच मांजरांच्या तोंडावर चालला होता. पॅपिलोमा नावाच्या विषाणूचा या दुखण्यांशी काही संबंध आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यांनी चट्ट्याचा बारीकसा तुकडा तपासणीला घेतला. ताडून पाहायला निरोगी मांजरंही हवी होती. ती आणायचं काम देवमननं अंगावर घेतलं आणि पहिला नंबर आपल्या घरच्या गेंदीचा लावला.

भुरीचा अहवाल आला त्या दिवशी देवमननं अर्धंच ऐकलं. घरी जाताना मोर्णा नदीचा पूल ओलांडून तो थेट इंदूबाईंच्या दारात गेला आणि आनंदानं म्हणाला, "कॅन्सर नाई बाई! व्हायरस हाय फक्त."

आत सून रागिणी कडेवर तान्ह्याला घेऊन उभी होती. तिनं 'व्हायरस' एवढा एकच शब्द धरला.

तिसऱ्या दिवशी इंदूबाई एकट्याच दवाखान्यात आल्या. "रागिणी म्हनते, लेकराच्या घरात व्हायरस नको. रविवारी परतवाड्याकडं नेऊन सोडून देनार हायेत भुरीले. जेवता येत नाई तिले, भाऊ. थे कशी जगंन?"

 देवमननं सरळ प्रणालींकडे जाऊन आपली चूक सांगितली.

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी तपासलेल्या मांजरांची यादी त्याच्याकडे फिरवली. "हे बघा देवमनभाऊ. तुमच्या गेंदीच्या तोंडातही तोच विषाणू सापडलाय."

"गेंदीच्या? थे तं उंदीर हाडासकट खाते!"

"तेच तर. निरोगी तोंडातही तो असतो. भुरीचं दुखणं त्यानं केलं असेल, किंवा तो नुसता तिथे मुक्कामाला असेल. नक्की काय ते मला अजून सांगता येत नाही."

"अन् लेकराले?"

"मांजराचे हे विषाणू मांजरातच राहतात. माणसाला त्यांच्यापासून धोका असल्याचं दिसलेलं नाही. हात धुवायचे, एवढंच."

संध्याकाळी देवमन पुन्हा त्या दारात गेला. या वेळी रागिणीलाच समोर बसवून त्यानं सगळं सांगितलं. स्वतःच्या उतावळेपणासकट.

"नक्की मालूमच नाई, तं मंग डॉक्टर कायच्या?" रागिणी म्हणाली.

"जे मालूम नाई, थे नाई म्हनतात. म्हनून तं मले त्यायचा भरोसा वाटते, पोरी. माह्या गेंदीतबी थोच हाय. माही नात तिले कुशीत घेऊन झोपते. आजबी झोपंन." मग तो इंदूबाईंकडे वळला. "अन् बाई, तुमच्या भाकरीनं झालं असंबी नाई. थे मनातून काढा."

इंदूबाई रडू लागल्या.  भुरी रागिणीच्या पायाशी लाळ गाळत बसली होती. तिच्याकडे बघत रागिणीनं विचारलं, "इलाज केला तं जेवंन का थे?"

सोमवारी टोपली घेऊन रागिणीच आली. प्रणालींनी भुरीचे मागचे दात काढले. अशा दुखण्यात बऱ्याच मांजरांना त्यानं आराम पडतो. गुंगी उतरेपर्यंत देवमन तिला टॉवेलात घेऊन बसून राहिला. रागिणीनं एकदा भीत भीत तिच्या कानावरून बोट फिरवलं.

चौथ्या दिवशी दुपारी देवमनचा फोन वाजला. पलीकडे रागिणी होती, आणि मागे इंदूबाई "सांग त्यायले, सांग" करत होत्या.

"भाऊ, दूधभात कालवला होता," रागिणी म्हणाली. "माह्या हातानं खाल्ला तिनं. सगळा."